कंसातलं

तीन तास चाळीस मिनिटांची टेप,
त्यातला पाऊण तास निव्वळ वारा.
बॅटरी बदलायला मी वाकले तेव्हा ऑइरिक म्हणाली,
"तेवढ्यात खरं काय ते बोलून घेते,"
आणि बोललीही असेल.
मी टेबलाखाली झाकण चाचपत होते.

आता डंडीत, स्वयंपाकघराच्या ओट्याशी,
कानांवर हेडफोन चढवून
मी तिला कागदावर उतरवते.
दक्षिण युइस्टमधलं तिचं पत्र्याचं घर,
भिंतीशी जुन्या बोटींच्या वेळापत्रकांची चळत,
कोरी बाजू वर.
त्यावर ती भरतीची रेघ काढते. रोज एक.
शाई दगडफुलाची :
खडकावरून चमच्याने खरवडायचं, दोन दिवस उकळायचं,
गंजाचा रंग येतो, वास पडद्यांतून जात नाही.

"तुमच्या कामात समुद्राचं स्थान काय?"
हा आवाज माझा. ऐकवत नाही.
ती उत्तर देत नाही, लोकरीचं टोक माझ्या हातात देते.
"हे धर."
पुढची वीस मिनिटं मी मुलाखत घेत नाही,
मी खुंटी आहे.

"मी समुद्र काढत नाही," गुंडा करता करता ती म्हणते,
"तो कुठवर आला होता, ते काढते.
तो असताना काढायला गेलं तर
पाय तेवढे भिजतात."

मागच्या महिन्यात ग्लासगोला वॉली गिलफेदर.
गोवनच्या लाँड्रीत बसून लिहितो, तिथे ऊब फुकट असते.
आख्खी कादंबरी आईच्या बोलीत,
आणि प्रकाशक म्हणतो, मागे शब्दार्थ जोडा.
"माझी आई बोलायची तेव्हा
तिच्या अ‍ॅप्रनला शब्दार्थ टाचलेले नव्हते."
त्याने एक पान मोठ्याने वाचलं.
चादरीची घडी घालणारी एक बाई म्हणाली,
असं नाही म्हणत रे कुणी,
आणि त्याने तिथेच, मशिनच्या झाकणावर कागद ठेवून,
पेन्सिलीने शब्द बदलला.
ते मी छापलं. लोकांना आवडलं.

पण ऑइरिकच्या टेपवर, दोन तास सोळा मिनिटांवर,
ती खिडकीकडे वळते (खुर्ची करकरते)
आणि गेलिकमधला एक शब्द म्हणते,
ओल्या वाळूवर पाणी गेल्यावर जे राहतं, त्याचा,
आणि नेमकं तेव्हाच मी म्हणते, हो, हो.
नऊ वेळा मागे नेऊन ऐकलं.
नऊ वेळा माझंच हो, हो.
तिचा शब्द त्याखाली, बोटाखाली मुंगी सापडावी तसा.

फोन केला. कोणता शब्द, तिने विचारलं.
मला कसं सांगता येणार?
"मग तो तुझ्याकडेच असेल," ती म्हणाली,
आणि मेंढरं रस्त्यावर आलीत म्हणून फोन ठेवला.

मुलाखतीची पानं तिला तपासायला पाठवली. अकरा पानं.
परत यायला पाच आठवडे लागले,
मधे दोनदा बोट रद्द.
तिने माझे प्रश्न खोडले होते, सरळ, फुटपट्टी लावून.
स्वतःची उत्तरंही.
कंसात मी माझ्यासाठी जे टिपलं होतं
तेवढं ठेवलं होतं :

(किटली.)
(कुत्रा उठतो, पुन्हा बसतो.)
(बाहेर कुणीतरी फाटक लावून घेतं.)
(बराच वेळ काही नाही.)
(खुर्ची.)

आणि तळाशी, दगडफुलाच्या शाईने,
"हे बरोबर आहे. एवढं छाप."

संपादकाने विचारलं, पानं भरणार कशी?
मी म्हटलं, बघते.
रात्री पुन्हा हेडफोन चढवले, दोन तास सोळा मिनिटं,
आणि या वेळी, माझा आवाज यायच्या जरा आधी,
श्वास ऐकू आला.
तिचा की माझा, ठरवता येईना.
तोही लिहून ठेवला,
कंसात.